सर्वकालीन अकरा आणि आमचे सासरे

फुटबॉल संघाचे सर्वकालीन सर्वोत्तम अकरा खेळाडू निवडायचं काम, ज्याची सासुरवाड त्याच गल्लीत आहे अशा माणसाने अंगावर घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पूर्वी याबाबतीत माझं काहीच मत नव्हतं आणि तेच बरं होतं.

आमच्या वसाहतीच्या फुटबॉल क्लबाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. मी क्लबाचा कार्यवाह. म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, चेंडूत हवा भरायची आणि तो शेजारच्या बंगल्यात गेला की कुत्र्याला गोड बोलून परत आणायचा. दिवसा मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांचं नुकसान झालंच नाही हे त्यांना सभ्य भाषेत पटवून देणं हा माझा व्यवसाय आहे, तेव्हा भांडणं मिटवण्याचा थोडाफार अनुभव माझ्या गाठीशी आहे असा माझा समज होता.

बैठकीत कोणीतरी सुचवलं की क्लबाच्या खोलीत एक मोठी पाटी लावावी आणि तिच्यावर पन्नास वर्षांतल्या सर्वोत्तम अकरा जणांची नावं रंगवावीत. सगळ्यांनी हात वर केले. ज्या ठरावाला झाडून सगळे हात वर करतात त्यात कोणाचं तरी मरण असतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "कार्यवाहांनी यादी करावी." अध्यक्ष हे निवृत्त लेखापरीक्षक. घरी दूध आलं तरी त्यांना पावती लागते.

लगेच दावेदार उभे राहिले. फर्निचरवाले म्हणाले, बाकं आम्ही दिली. दातांचे डॉक्टर म्हणाले की या क्लबाचे निम्मे दात त्यांनी बसवले आहेत, तेव्हा अकरांत निदान शेवटी तरी त्यांचं नाव यावं. आता हे असंच चालू राहिलं तर उद्या चेंडू शिवणारा चांभारही येईल, म्हणून मी उभा राहिलो आणि एक नियम मांडला. ज्याने क्लबासाठी निदान एक अधिकृत सामना खेळला असेल, त्याचाच विचार व्हावा. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी नियम इतिवृत्तात घेतला. मी ताठ मानेने घरी आलो.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला नियम सांगितला, टाळ्यांचंही सांगितलं. तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"म्हणजे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"तुमच्याच तोंडून निघाला ना हा नियम? छानच आहे."

आमच्या घरात 'छानच आहे' असं म्हटलं गेलं की पुढचे काही दिवस साखरेचा डबा मला माझा मीच शोधावा लागतो.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. माझे सासरे या क्लबाचे राखीव खेळाडू होते. एका मोसमाचे नव्हे, अख्ख्या तरुणपणाचे. आमच्या क्लबात त्या काळी एक पद्धत होती. सामन्याआधी सगळे खेळाडू आपापली घड्याळं, अंगठ्या, पाकिटं राखीव खेळाडूकडे देत. सासरे इतके विश्वासू की दुसऱ्या कोणाच्या हातात घड्याळ द्यायला कोणी तयारच नसे. पूर्ण पोशाख, चकचकीत बूट आणि दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं, अशा थाटात ते रेषेबाहेर उभे राहत. कोणी लंगडू लागला की कप्तान हाक मारी आणि सासरे एकेक पट्टा सोडायला घेत. शेवटचं घड्याळ सुटेपर्यंत लंगडणाऱ्याचा पाय बरा झालेला असे. मग सगळी घड्याळं पुन्हा चढवायची. असं करता करता ते चाळिशीला आले आणि मग राखीव म्हणूनही निवृत्त झाले. मैदानाची आतली बाजू त्यांनी सामना चालू असताना कधी पाहिलीच नाही.

बायकोला हे लहानपणापासून माहीत होतं. शाळेत तिने निबंधात 'माझे बाबा फुटबॉलपटू आहेत' असं लिहिलं, तेव्हा एका मैत्रिणीने सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं की ते खेळतात कधी. ते तिने मला लग्नानंतर सांगितलं, तेही एकदाच. पाटीवर बाबांचं नाव यावं एवढंच तिला हवं होतं. मला ते कळत होतं, पण नियम माझाच होता आणि तो इतिवृत्तात बसला होता.

मी जुन्या खेळाडूंची मतं घ्यायला निघालो. पहिला गेलो तोफेकडे. तोफ म्हणजे आमचा एके काळचा आघाडीचा खेळाडू. हल्ली त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याने विचार करून पाच नावं दिली.

"आणि बाकीचे सहा?" मी विचारलं.

"बाकीच्या सहांचं काम मीच करायचो," तोफ म्हणाला.

मी भीत भीत सासऱ्यांचा विषय काढला. तोफेने हातातला चष्मा खाली ठेवला. "तुझ्या सासऱ्यांसारखा माणूस होणे नाही. माझं लग्नातलं घड्याळ त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, काचेवर ओरखडा नाही."

"मग घेऊ या का यादीत?"

"घ्यायला हरकत नाही, पण खेळले कुठे ते?"

जिथे गेलो तिथे हेच. नावं प्रत्येकाची वेगळी, पण सासऱ्यांचं कौतुक मात्र सगळ्यांच्या तोंडी सारखं. आणि कौतुक संपलं की तोच प्रश्न. मी अध्यक्षांना गाठून म्हटलं की तसं पाहिलं तर इतरांचे तरी पुरावे कुठे आहेत? क्लबाची जुनी दप्तरं वरच्या टाकीची गळती होऊन कधीच लगदा झाली होती. अध्यक्ष म्हणाले, "त्यांना खेळताना सगळ्यांनी पाहिलंय. आणि तुमच्या सासऱ्यांना न खेळताना सगळ्यांनी पाहिलंय."

यादी शेवटी झाली, पण कशी झाली ते विचारू नका. गोलरक्षक तीन होते आणि तिघांचेही भाचे-पुतणे समितीवर होते, तेव्हा तिघांनाही घेतलं. डाव्या बाजूला खेळणारे सगळे वसाहत सोडून गेलेले, त्यांच्या बाजूने भांडायला कोणी नाही, म्हणून आमच्या सर्वकालीन संघाला डावी बाजूच उरली नाही. अध्यक्ष म्हणाले, पाटीवर नावं एकाखाली एक येणार, डावं-उजवं कोण बघतो? पेंटरनेही आपला वाटा उचलला. त्याने 'सर्वकालीन सर्वोत्तम संघ' हे शब्द इतके ऐसपैस रंगवले की खाली नऊच नावांना जागा उरली. मी बोललो तर म्हणाला, "साहेब, मथळा दुरून दिसायला हवा. दोन गडी कमी करा." मी नकार दिला तेव्हा त्याने खाली आणखी एक फळी ठोकून दिली आणि ती नको इतकी लांब निघाली. माझ्या मते पाटी आता पाटी राहिली नव्हती, तो दरवाजा झाला होता.

आणि मग तोफेला कल्पना सुचली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याला कल्पना सुचतात. नुसती नावं काय रंगवता, सर्वकालीन संघच मैदानात उतरवा, हल्लीच्या पोरांशी एक सामना होऊन जाऊ दे. समितीने पुन्हा झाडून हात वर केले. मी एकट्यानेच केला नाही, तर अध्यक्षांनी तो तटस्थ म्हणून मोजला.

परवानगीसाठी गेलो तेव्हा मैदान कार्यालयातल्या कारकुनाने माझा अर्ज बोटाने माझ्याकडे परत सरकवला. "सत्कार आहे की सामना?"

"सत्काराचा सामना आहे."

"सत्कार असेल तर सभागृह विभाग."

"पण मला मैदान हवंय."

"सभागृह विभाग मैदान देत नाही. मैदान हवं असेल तर अधिकृत सामना दाखवा. फुटबॉल संघटनेचा पंच आणा. राखीव खेळाडूंचा रकाना भरा. रिकामा चालत नाही."

मी तिथेच टेबलावर वाकून रकाना भरायला घेतला आणि पेन थांबलं. या वसाहतीत राखीव म्हटलं की दुसरं नाव आठवतच नाही. पण विचारल्याशिवाय कसं लिहायचं, म्हणून तसाच उठलो आणि सासऱ्यांकडे गेलो.

ते खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली.

"राखीव म्हणून ना, जावईबापू?"

"हो बाबा."

"मग ठीक आहे. खेळायला या म्हणाला असतात तर नको म्हटलं असतं. सवय नाही."

हसून म्हणाले ते. पण मी निघताना दारातून पाहिलं तर कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ते बूट काढत होते. चामडं इतकं मऊ आणि काळंभोर होतं की ते दर आठवड्याला पॉलिश होत असणार. मला एकदम फार वाईट वाटलं. रस्ताभर मी त्या नियमाला आणि स्वतःला शिव्या घालत घरी आलो.

"उतरवणार ना त्यांना?" बायकोने विचारलं. साखरेचा डबा तिने स्वतःच पुढे केला होता.

"कोणी दमलं तर उतरतीलच."

"दमतील. सत्तरीचे आहेत सगळे. पण बाबांचा गुडघा?"

"मग नको उतरवू?"

"असं मी म्हटलं का?"

मी चहात साखर घातली.

सामन्याच्या दिवशी अख्खी वसाहत लोटली. सर्वकालीन संघाने मैदानात उतरण्याआधी जुन्या सवयीने रांग लावली आणि एकेकाने आपलं घड्याळ सासऱ्यांच्या हाती दिलं. कोणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनीही निमूटपणे बाह्या वर सारल्या. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याची रेघ नीट पडली आहे का ते बघू लागलो.

तिन्ही गोलरक्षक एकाच गोलात जाऊन उभे राहिले. पंचांनी विचारलं, हे काय आहे? ते तरुण होते, कडक होते आणि त्यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. हात फक्त एकालाच लावता येईल, असं त्यांनी बजावलं. त्यावर तिघांत जी चर्चा सुरू झाली, ती चालू असतानाच पहिला गोल झाला. एकंदर किती झाले ते मी कार्यवाह या नात्याने सांगू शकत नाही.

थोड्याच वेळात तोफ पोटरी धरून खाली बसला. सासऱ्यांनी मान वर केली आणि पहिला पट्टा सोडायला घेतला. दुसरा पट्टा, तिसरा पट्टा. तेवढ्यात तोफ हात टेकून उठायला लागला. "थांबा, थांबा, मला बरं वाटतंय," तो ओरडला. सासऱ्यांनी तिसरं घड्याळ परत चढवायला घेतलं.

मी आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवलेला नाही. कार्यालयात शिपायालाही मी 'जरा' म्हणून हाक मारतो. पण त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे. मी रेषेच्या आत पाय टाकला आणि सगळ्या वसाहतीदेखत तोफेला म्हणालो, "तुम्हाला बरं वाटत नाहीये. खाली बसा."

तोफेने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं आणि तो मुकाट खाली बसला. माणूस मनाने वाईट नाही.

"बाबा, द्या इकडे," मी दोन्ही हात पुढे केले.

"मोजून घ्या," सासरे म्हणाले.

"घेतो. तुम्ही जा."

आणि ते निघाले. निघाले म्हणजे पळत सुटले. बदली खेळाडूने पंचांनी खूण केल्याशिवाय आत यायचं नसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांच्याइतके नियम कोणालाच ठाऊक नसतील. पण इतकी वर्षं वाट पाहिल्यावर आता आणखी कोणाच्या खुणेची वाट बघणं त्यांना जमलं नाही. पंचांनी शिट्टी फुंकून पिवळं कार्ड दाखवलं. लोकांना वाटलं हा स्वागताचा प्रकार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे जे झालं ते मी घड्याळांनी जखडलेल्या हातांनी पाहिलं. आमचे सासरे घरात मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत. तो माणूस मैदानात शिरल्यापासून गप्प बसला नाही. गोलरक्षकांना त्यांनी फैलावर घेतलं. आपल्या संघाला जागा दाखवल्या, मग पोरांच्या संघालाही दाखवल्या, कारण तेही चुकीच्या जागी उभे होते. पंचांना ऑफसाइड समजावून सांगितलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. चेंडू एकदा त्यांच्याकडे आला. त्यांनी तो नीट अडवला, मान वर करून पाहिलं आणि मोकळ्या खेळाडूकडे अलगद दिला. तो मोकळा होता कारण त्याला धाप लागून तो बसला होता, पण पास अचूक होता.

मग पोरांचा एक चपळ खेळाडू चेंडू घेऊन त्यांच्या अंगावरून सुसाट गेला. सासऱ्यांनी त्याचा सदरा मागून धरला आणि सोडला नाही. पोरगा पळतोय, सदरा ताणलाय, सासरे मागोमाग फरपटत चालले आहेत, आणि बायको माझा दंड घट्ट धरून म्हणतेय, "गुडघा, गुडघा." शिट्टी झाली. दुसरं पिवळं कार्ड आणि त्यामागून लाल.

पंचांनी वही काढली. "नाव?"

सासऱ्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही सावकाश सांगितली, मग वहीत डोकावून बरोबर लिहिलंय का ते तपासलं. बाहेर यायला जवळची वाट होती, पण ते सबंध मैदानाला वळसा घालून आले. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले, गुडघ्याला माती.

"काय केलंत हे बाबा?" बायको म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"चेंडू गेला तर जाऊ द्यावा, माणूस जाऊ देऊ नये," सासरे म्हणाले आणि पाणी मागितलं.

दोन दिवसांनी समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी पंचांचा अहवाल उघडला. अधिकृत सामना, अधिकृत पंच, अधिकृत शिक्का. त्या अहवालात गोल करणाऱ्यांची आणि कार्ड मिळालेल्यांची, एवढीच नावं असतात. गोल सगळे पोरांनी केलेले. आमच्या संघातलं नाव एकच होतं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. लेखापरीक्षकाच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं.

"यांचं नाव घ्यावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "पुराव्याच्या दृष्टीने पाहिलं तर फक्त यांचंच घ्यावं लागेल. पण जाऊ द्या."

पेंटरने ती लांबलचक फळी एकदाची सत्कारणी लावली. सासऱ्यांचं नाव बारावं म्हणून सगळ्यांत खाली आलं, पण मोठ्या अक्षरांत आलं, कारण जागा भरपूर होती. बायको ते बघून आली आणि त्या दिवशी मला घरात दोनदा चहा विचारला गेला. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी सासरे आले. हातात कागद. "जावईबापू, अपील करायचंय."

"कशाबद्दल?"

"पहिलं कार्ड मला मान्य आहे. दुसरं नाही. मी त्याला ओढलं नाही, त्याने मला ओढलं. सगळ्यांनी पाहिलंय. हे कार्ड रद्द झालं पाहिजे."

मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं की कार्ड रद्द झालं तर अहवाल दुरुस्त होईल. आता त्यातून काय आणि किती कापलं जाईल ते संघटनाच जाणे. अहवालात नाव राहिलं नाही तर अध्यक्ष शिडी लावून पाटीवरचंही पुसतील. तेव्हा झालं ते झालं, नाव राहू द्यावं.

सासऱ्यांनी हातातला कागद गुडघ्यावर ठेवून सरळ केला. "म्हणजे नाव ठेवायचं तर अन्याय सोसायचा?"

"तसंच म्हणा."

"खेळाडूने अन्याय सोसू नये, जावईबापू."

खेळाडू. हा शब्द ते स्वतःबद्दल वापरताना मी कधी ऐकलं नव्हतं. बायको आत भांडी लावत होती, तो आवाजही थांबला. मी कागद घेतला, त्यावर तारीख टाकली आणि कोपऱ्यात 'विचाराधीन' असा शेरा मारला. या एका कामात माझा हात धरणारा कोणी नाही. आमच्या कार्यालयात मी विचाराधीन ठेवलेले अर्ज आहेत, ज्यांची चौकशी करायला आता अर्जदारांची नातवंडं येतात.

तेव्हापासून सासरे रोज संध्याकाळी येतात. "काय झालं माझ्या अपिलाचं?"

"वरच्या पातळीवर गेलंय, बाबा."

"हल्लीच्या पंचांना खेळातलं कळत नाही," ते म्हणतात. आणि मग तिरक्या नजरेने पंखा न्याहाळत, पाय लांब करून, तो सदरा नक्की कोणी ओढला ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगतात. दर वेळी तो पोरगा थोडा अधिक धिप्पाड झालेला असतो. परवा ते गेल्यावर बायकोने कपबश्या उचलता उचलता हळू आवाजात मला सांगितलं, "अपिलाची घाई करू नका." लग्न झाल्यापासून या घरात मला कुठल्याही कामाची घाई करू नका असं कोणी सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मी तो शब्द काटेकोरपणे पाळायचं ठरवलं आहे.